शपथ आणि प्रतिज्ञा एकच का? (ब्रॅडलॉ प्रकरण)

चौकस:
चार्ल्स ब्रॅडलॉवर एक लेख भाषांतर करतोय. नॉर्दॅम्प्टनचा ब्रिटिश खासदार, १८८० साली निवडून आला, पक्का नास्तिक. एक वाक्य असं झालंय, "त्याने शपथ नाकारली आणि प्रतिज्ञा घेण्याची परवानगी मागितली." घरी वाचून दाखवलं तर बायको म्हणाली शपथ आणि प्रतिज्ञा एकच की, मग भांडण कशावरून? आता मलाही वाटायला लागलंय की मराठी वाचकाला यातलं काही कळणारच नाही. दुसरा शब्द आहे का?

बेलभंडारा:
बोलण्यात एकच, कायद्यात नाही. शपथ हा शप् धातूवरून आलाय, शाप पण तिथलाच. म्हणजे खोटं बोललो तर माझं वाईट होवो हे त्यात गृहीतच असतं, म्हणून तर देवाशप्पथ, आईशप्पथ, गळ्याशप्पथ, कुणाला तरी मधे घेतल्याशिवाय शपथ पुरी होत नाही. आपल्याकडे बेलभंडार उचलायचे ते पण त्याचसाठी. प्रतिज्ञेला असा साक्षीदार लागत नाही, भीष्माने केली ती स्वतःच्या जिवावर. शाळेत रोज म्हणायचो ती पण प्रतिज्ञाच, शपथ नाही. त्यामुळे तुमचं वाक्य शब्दांच्या बाजूने ठीकच आहे.

सहजच:
प्रतिज्ञा म्हटलं की मला पौराणिक सिरीयल आठवते. भाक का नको? भाक दिली म्हणजे शब्द दिला, देव नाही नि काही नाही.

बेलभंडारा:
भाक गोड आहे हो पण ती माणूस माणसाला देतो. पार्लमेंटात भाक दिली म्हटलं की आणाभाकाच डोळ्यासमोर येतात 😀

कलमबहाद्दर:
राज्यघटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात दोन्ही पर्याय आहेत, ईश्वरसाक्ष शपथ किंवा मग गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. सरकारी मराठीत दृढकथन पण चालतं पण ते लेखात घालू नका, वाचक तिथेच लेख बंद करेल. आणि गंमत बघा, एखाद्या आमदाराने देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा केली तरी दुसऱ्या दिवशी बातमीत शपथविधीच असतो. कोर्टाच्या कागदावर "सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की" लिहितात आणि तोच कागद बाहेर सगळे शपथपत्र म्हणून मागतात. बायकोचं चुकलं नाही.

वाचनवेडा:
शब्द राहू द्या, मला वाक्यच खटकतंय. त्याने शपथ *नाकारली* नव्हती. आधी त्याने प्रतिज्ञेची परवानगी मागितली, कारण १८६९-७० च्या कायद्यांनी कोर्टात साक्षीदाराला ती मुभा मिळाली होती, तीच इथे लागू आहे असं त्याचं म्हणणं. क्वेकर लोकांना (शपथ न घेणारा ख्रिस्ती पंथ) तर सभागृहात प्रतिज्ञा आधीपासूनच चालत होती. सभागृहाच्या समितीने एका मताने नाही म्हटलं. मग हा म्हणाला ठीक आहे, शपथ घेतो, पण शेवटचे ईश्वराचे शब्द माझ्या लेखी पोकळ आहेत हे त्याने जाहीर लिहून टाकलं, आणि झालं, सभागृह म्हणालं आता तुला शपथ घेऊच देणार नाही!! म्हणजे नकार सभागृहाचा. हटत नाही म्हणून जून १८८० मधे त्याला पार्लमेंटच्या घड्याळाच्या टॉवरमधे कोंडलं, दुसऱ्या दिवशी सोडलं. मग स्वतःच्या जबाबदारीवर प्रतिज्ञा करून बसू दिलं तर कोर्टाने ती बेकायदा ठरवली आणि जागा गेली, शिवाय प्रत्येक मतदानाला ५०० पौंड दंडाची टांगती तलवार वेगळीच. नॉर्दॅम्प्टनवाले पण खमके, पोटनिवडणुकीत १८८१, ८२, ८४ तिन्ही वेळा त्यालाच परत पाठवलं. ऑगस्ट १८८१ मधे पोलिसांनी धक्के मारत बाहेर काढला, कोट फाटला, तरी फेब्रुवारी १८८२ मधे गडी सरळ टेबलापाशी गेला, खिशातून बायबलचं पुस्तक आणि कागद काढला, स्वतःच स्वतःला शपथ दिली आणि सही ठोकून मोकळा. याला शपथ नाकारली कसं म्हणणार?

सहजच:
स्वतःच स्वतःला शपथ दिली 😂 मराठीत शपथ घेणारा वेगळा आणि देणारा वेगळा, इथे दोन्ही एकच.

चौकस:
मग शेवटी काय केलं त्याने, प्रतिज्ञा का शपथ?

वाचनवेडा:
शपथच. जानेवारी १८८६, नवीन सभागृह, स्पीकर पील म्हणाले निवडून आलेल्याने शपथ घ्यायची, मधे कुणी बोलायचं नाही. बसला एकदाचा. त्याआधी १८८३ मधे पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारने प्रतिज्ञेला परवानगी देणारं बिल आणलं होतं ते ३ मतांनी पडलं. मग १८८८ मधे ब्रॅडलॉनेच कायदा करून घेतला, ज्याला देव नको त्याने प्रतिज्ञा करावी.

कलमबहाद्दर:
तो हिंदुस्थानचे प्रश्न इतके मांडायचा की त्याला हिंदुस्थानचा सभासद म्हणायचे. डिसेंबर १८८९ च्या काँग्रेस अधिवेशनाला मुंबईत आला होता, अध्यक्ष वेडरबर्न. त्यानंतर वर्षभराने गेला, ३० जानेवारी १८९१ ला, लंडनमधे शिकत असलेले गांधीजी त्याच्या अंत्यविधीला गेले होते. मरणाच्या तीन दिवस आधी पार्लमेंटने १८८० चा त्याला मनाई करणारा ठराव इतिवृत्तातून काढून टाकला म्हणे, याला शुद्धीच नव्हती. उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय.

चौकस:
वाक्य असं केलंय: "ईश्वरसाक्ष शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करू द्या अशी त्याने मागणी केली, ती फेटाळल्यावर तो शपथेलाही तयार झाला, पण सभागृहाने तीही घेऊ दिली नाही."

बेलभंडारा:
"साधी" काढा, साधी प्रतिज्ञा म्हणजे कमी दर्जाची वाटते. नुसतं प्रतिज्ञा ठेवा. "ईश्वरसाक्ष" मात्र राहू द्या, भांडण सगळं त्या एका शब्दाचं आहे.