जुना संगणक काढण्याआधी: कुलूपबंद पुस्तकं, गाणी, गेम्सचं काय करायचं?

पानगळ:
नमस्कार मंडळी. जुना विंडोज संगणक बदलतोय. त्यावर अडोबी डिजिटल एडिशन्समध्ये उघडणारी ईपुस्तकं, आयट्यून्सवर पूर्वी घेतलेली गाणी आणि डिस्कवरून टाकलेले काही जुने गेम्स आहेत. सगळं रीतसर विकत घेतलेलं. फोल्डर उचलून एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकले की झालं, की आणखी काही करावं लागतं? आणि यापुढे एखादी फाईल डीआरएमवाली (म्हणजे नक्कल आणि वापर रोखणारं डिजिटल कुलूप असलेली) आहे की मोकळी, हे पैसे भरण्याआधी कसं ओळखायचं?

कडीकोयंडा:
नुसतं कॉपी करून भागणार नाही. डीआरएमवाली फाईल एन्क्रिप्ट केलेली असते आणि तिची किल्ली त्या फोल्डरमध्ये नसते. ती तुमच्या खात्याशी आणि मशीनशी बांधलेली असते. फाईलच्या दहा प्रती काढा, किल्ली गेली की दहाही बंद. म्हणून जुना संगणक फॉरमॅट करण्याआधी, तो धडपणे चालू असतानाच पुढची कामं उरका.

पुस्तकं: डिजिटल एडिशन्सच्या हेल्प मेनूत ऑथरायझेशन (पुस्तकं उघडायचा त्या संगणकाला दिलेला हक्क) कोणत्या अडोबी आयडीवर, म्हणजे खात्यावर, आहे ते बघा. पहिल्यांदा घाईत 'आयडीशिवाय' हा पर्याय निवडलेला असेल, तर ती पुस्तकं त्या एकाच मशीनवर अडकलेली आहेत. तिथेच आधी आयडी जोडून घ्या आणि दुसऱ्या मशीनवर एखादं पुस्तक उघडतंय का ते बघा. एका आयडीवर सहा संगणक चालतात. जुन्याचा हक्क काढायला कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून पासवर्ड द्यायचा. हे न करता डिस्क पुसली तर ती जागा अडकून राहते आणि मग अडोबीच्या सपोर्टच्या मागे लागावं लागतं.

एक नेहमीचा घोळ: बरेच जण एसीएसएम फाईल जपून ठेवतात. ते पुस्तक नव्हे, पुस्तक उतरवून घेण्याची चिठ्ठी आहे, आणि तिला मुदत असते. फाईल जेमतेम दोन-चार केबीची दिसली की समजा चिठ्ठीच आहे. खरी ईपब (ईपुस्तकाची फाईल) किंवा पीडीएफ डॉक्युमेंट्समधल्या 'माय डिजिटल एडिशन्स' फोल्डरात असते. बॅकअप त्याचा घ्या.

गाणी: एक्स्टेन्शन बघा. एमफोरए असेल तर मोकळं, कुठेही वाजेल. एमफोरपी म्हणजे कुलूपबंद. ॲपलने २००९ साली गाण्यांवरचं डीआरएम काढलं, त्यामुळे जुन्यांतलीच काही एमफोरपी निघतील. चित्रपटांवर मात्र ते अजून आहे. पाच संगणकांची मर्यादा आहे. अकाउंट मेनूतून जुना डीऑथराइज करा, म्हणजे त्याचा हक्क काढा. 'सगळे डीऑथराइज' हे बटण वर्षातून एकदाच वापरता येतं, ते अडीअडचणीला राखून ठेवा.

गेम्सचं अवघड आहे. सेफडिस्क आणि सेक्युरॉम (गेमच्या डिस्कची नक्कल रोखणारी कुलपं) यांच्या जुन्या आवृत्त्या विंडोज १० मध्ये चालतच नाहीत. सेफडिस्कचा ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) चालायचा आणि त्यात सुरक्षेचं भोक होतं, म्हणून मायक्रोसॉफ्टने तो काढला; सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने जुन्या विंडोजवरही तो बंद पडला. डिस्क घासून-पुसून उपयोग नाही, दोष तिच्यात नाहीच. तोच गेम जीओजीसारख्या डीआरएम नसलेल्या दुकानात मिळतो का बघा. नाही मिळाला तर जुनं मशीन इंटरनेट तोडून तेवढ्यासाठी ठेवणं, एवढाच सरळ मार्ग.

शून्य_एक:
कडीकोयंडा यांनी बॅकअपचं नेमकं सांगितलंय. मी ओळखण्याबद्दल लिहितो.

दुकानावरून अंदाज बांधू नका. कुलूप लावायचं की नाही हे बहुतेक वेळा प्रकाशक ठरवतो, म्हणून एकाच दुकानात शेजारशेजारच्या दोन पुस्तकांची गोष्ट वेगळी असते. कोबो या ईपुस्तकांच्या दुकानात पुस्तकाच्या पानावर डाउनलोडच्या पर्यायांत 'अडोबी डीआरएम' किंवा 'डीआरएम-फ्री' असं लिहिलेलं असतं. किंडलच्या मोकळ्या पुस्तकांच्या वर्णनात प्रकाशकाच्या विनंतीवरून डीआरएम लावलेलं नाही, अशी ओळ सापडते. ती नसेल तर कुलूप आहे असंच धरून चाला. फुकटच्या नमुना प्रकरणावरून निष्कर्ष काढू नका. नमुना मोकळा आणि अख्खं पुस्तक बंद, असं सर्रास असतं.

हातात आलेली ईपब तपासायची असेल तर प्रत काढून तिचं एक्स्टेन्शन झिप करा, उघडा आणि 'मेटा-इन्फ' फोल्डरात डोकवा. राइट्स डॉट एक्सएमएल दिसली तर अडोबी. सिन्फ डॉट एक्सएमएल दिसली तर ॲपल. लायसन्स डॉट एलसीपीएल असेल तर रीडियम एलसीपी, हेही एक डीआरएमच. नुसती एन्क्रिप्शन डॉट एक्सएमएल दिसली तर लगेच घाबरू नका, ती नोटपॅडमध्ये उघडा. आत फक्त फॉन्टच्या फाईलींची नावं असतील तर तो फॉन्टपुरता पडदा आहे, पुस्तक मोकळंच आहे. प्रकरणांच्या फाईलींची नावं असतील तर मात्र पुस्तक बंद.

यातलं एलसीपी त्यातल्या त्यात बरं. किल्ली पासफ्रेजवर (पासवर्डसारख्या शब्दांवर) चालते आणि परवाना फाईलमध्येच ठेवता येतो. विकत घेतलेल्या पुस्तकाला मुदत घातलेली नसेल, तर दुकान बंद पडलं तरी एलसीपी जाणणाऱ्या ॲपमध्ये ते उघडतं. पासफ्रेज मात्र कागदावर लिहून ठेवा.

वॉटरमार्क ही निराळीच गोष्ट. त्यात खरेदीदाराचं नाव किंवा व्यवहाराचा क्रमांक फाईलमध्ये टाकतात, कुलूप नसतं. अशी फाईल कुठेही उघडते. फक्त ती इकडेतिकडे वाटली तर माग तुमच्यापर्यंत पोचतो.

तिसरी_घंटा:
वरचं सगळं बरोबर, पण दोघांनीही दुकानच गाशा गुंडाळतं तेव्हाचा धोका कमी लेखलाय. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१९ मध्ये ईपुस्तकांचं दुकान बंद केलं आणि जुलैपासून घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पण पुस्तकं गेली ती गेलीच. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या हक्कांची ऑनलाइन नोंद ठेवणारं अल्ट्राव्हायोलेट त्याच जुलैच्या अखेरीस बंद झालं. आणि दुकान चालू असलं म्हणून निर्धास्त राहायचं कारण नाही: ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून यूएसबीने टाकायची सोय काढून घेतली.

व्हिडिओत तर हार्डवेअरही आड येतं. संगणकावर फोर-के ब्लू-रे डिस्क अधिकृतपणे लावायला इंटेलच्या प्रोसेसरमधलं एसजीएक्स (गुप्त माहितीसाठीचा सुरक्षित कप्पा) लागायचं. इंटेलने डेस्कटॉपच्या अकराव्या पिढीपासून तेच काढून टाकलं. म्हणजे नवा, महागडा संगणक घेतलात आणि जुन्यावर चालणारी डिस्क नव्यावर चालेना! पानगळ, तुमच्याकडे अशा डिस्क असतील तर टीव्हीला जोडायचा स्वतंत्र प्लेअरच घ्या.

स्ट्रीमिंगमध्ये वाइडवाइनची (गूगलच्या डीआरएमची) पातळी बघा. एल-१ (सगळ्यात वरची पातळी) नसलेल्या फोनवर किंवा टॅबवर बऱ्याच सेवा एचडी चित्रच देत नाहीत, मग तुमचं पॅकेज कितीही वरचं असो. अँड्रॉइडवर डीआरएम इन्फो प्रकारचं ॲप टाकलं की पातळी कळते. टीव्हीवर एकदम काळा पडदा आला तर आधी एचडीएमआयची केबल आणि मधला स्प्लिटर काढून बघा. साखळीतल्या एकाला जरी एचडीसीपी (केबलमधून जाणाऱ्या चित्राची नक्कल रोखणारी यंत्रणा) जमलं नाही तरी चित्र अडतं.

पानगळ:
सगळ्यांचे आभार. दोन-तीन पुस्तकांच्या नुसत्या एसीएसएम सापडल्या, ईपब कुठेच नाही. आता?

कडीकोयंडा:
आधी त्या एसीएसएम डिजिटल एडिशन्समध्ये उघडून बघा, त्याच अडोबी आयडीने लॉगिन करून. मुदत संपल्याचा किंवा आधीच दुसऱ्याने उतरवल्याचा एरर आला तर दुकानाच्या खात्यात जाऊन 'माझी पुस्तकं' मधून नवी एसीएसएम उतरवा. बहुतेक ठिकाणी ती पुन्हा मिळते. ज्या ईमेलने खरेदी केली तोच लॉगिन लागेल, तो पत्ता बंद असेल तर आधी तो बदलून घ्या. दुकानच राहिलं नसेल तर बिलाचा ईमेल शोधून प्रकाशकाला लिहा. ते मोकळी प्रत द्यायला बांधील नाहीत, पण काही जण देतात. कुलूप स्वतः तोडायचा विचार असेल तर आधी तुमच्या देशाचा कायदा वाचा. विकत घेतलेल्या प्रतीबाबतही सगळीकडे एकच नियम नाही.

ईपब हाती आली की लगेच नव्या मशीनवर उघडून, मधलं एखादं पान चाळून खात्री करा. नंतरच जुन्यावर कंट्रोल-शिफ्ट-डी.