मदत हवी आहे: ‘पुन्हा तपास’ म्हटलं की एआय बरोबर उत्तरही चुकवतं

नमस्कार मंडळी,

इथे एआयमध्ये काम करणारे आहेत आणि शाळेत शिकवणारेही. मला दोघांचीही मदत हवी आहे.

मी राहते ठाण्यात, नौपाड्यात, नोकरी ऐरोलीला. सासूबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. घरीच शिष्यवृत्तीची पाचवी-आठवीची सात-आठ मुलं शिकवतात. मुलांना रात्री काही अडलं तर विचारता यावं म्हणून मी एका एआय मॉडेलला जोडून छोटंसं साधन केलंय. मुलाने शाब्दिक उदाहरण टाकायचं, मॉडेलने पायऱ्यांसकट सोडवून दाखवायचं. अजून मुलांच्या हातात दिलेलं नाही. का, ते सांगते.

सासूबाईंकडे प्रत्येक मुलाची ‘चुकांची वही’ असते. डाव्या पानावर चुकलेलं गणित जसंच्या तसं, खोडाखोड न करता. उजव्या पानावर पाय कुठे घसरला ते स्वतःच्या शब्दांत. मला वाटलं, मॉडेललाही हेच करायला लावू. आधी उत्तर, मग ‘पुन्हा तपास, खात्री आहे का?’, आणि चूक निघाली की त्यानेच एका ओळीत धडा लिहायचा. ती ओळ पुढच्या वेळी प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला द्यायच्या सूचनेत, सोबत द्यायची.

सासूबाईंच्या जुन्या कागदांतली ६० उदाहरणं घेतली. पहिल्या फेरीत ४७ बरोबर. ‘पुन्हा तपास’ म्हटल्यावर ९ उत्तरं बदलली. २ चुकीची सुधारली, ६ बरोबर होती ती चुकली आणि एक चुकीचं होतं ते दुसऱ्या पद्धतीने चुकलं. म्हणजे तपासून तपासून ४३ वर आलो!

एक नमुना देते. ‘बागेत पावणेदोनशे झाडे आहेत. त्यांपैकी दोन-पंचमांश आंब्याची. आंब्याची झाडे किती?’ पहिलं उत्तर ७०, अगदी बरोबर. ‘खात्री आहे का?’ विचारल्यावर: ‘माफ करा, माझी चूक झाली. पावणेदोनशे म्हणजे २२५, म्हणून ९० झाडे.’ परत विचारलं तर पुन्हा माफी आणि पुन्हा ७०. सासूबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “अगं, हा तपासत नाहीये. तुझ्या चेहऱ्याकडे बघतोय.”

वहीची गत याहून वाईट. निम्मे धडे ‘प्रश्न काळजीपूर्वक वाचावा’ छापाचे. (ही वाक्यं सासूबाईंना तोंडपाठ आहेत. मुलंही हेच लिहितात आणि त्यांच्याकडे ते चालत नाही.) त्यात एक धडा चक्क उलटा निघाला: ‘पावणे म्हणजे पाव मिळवायचा.’ तो वहीत राहिला आणि पुढच्या फेरीत पावणेतीन किलोचे सव्वातीन किलो झाले. खात्री ० ते १०० मध्ये सांग म्हटलं तर तिथेही ठोकून ९५.

तर मला विचारायचंय की मॉडेलला स्वतःची चूक कळतच नाही, की माझी विचारायची पद्धत चुकतेय? आणि ही वही ठेवण्यात काही अर्थ आहे का?

प्रतिसाद: खाडीपलीकडचा

ताई, पद्धत चुकतेय, पण तुमची एकटीची नाही. गूगल डीपमाइंड आणि इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांचा २०२३ चा एक शोधनिबंध नेमका यावरच आहे. बाहेरून काही न सांगता मॉडेलला स्वतःचं तर्काचं उत्तर सुधारायला लावलं तर गुण बरेचदा घसरतात, असं त्यांना दिसलं. त्याआधीच्या काही प्रयोगांत सुधारणा दिसायची, कारण तिथे थांबायचं कधी हे खरं उत्तर बघून ठरवलेलं होतं. परीक्षेत बाई शेजारी उभ्या राहून ‘चुकलं’ एवढंच म्हणत असतील तर कोणाचेही गुण वाढतील.

तुमच्या ‘खात्री आहे का?’ मध्ये नवीन माहिती काहीच नाही, फक्त संशय आहे. तो प्रश्न माणसं एरवी चूक दिसल्यावरच विचारतात, म्हणून मॉडेल माफीकडे वळत असावं, असा माझा अंदाज.

वहीची कल्पना मात्र वाईट नाही. चुकीवर शब्दांत टिपण लिहायचं आणि पुढच्या प्रयत्नाला ते सोबत द्यायचं, हे ‘रिफ्लेक्शन’ नावाच्या पद्धतीत २०२३ मध्येच केलेलं आहे. पण तिथे चूक झाली हे बाहेरून कळतं. कोड चालवून बघितला, चाचणी नापास झाली, मग टिपण. तुमच्याकडे चूक कोण ठरवतं? तोच विद्यार्थी, म्हणजे मॉडेल. चाचणीचं काम तुमच्याकडे सासूबाईंनीच करायला हवं.

प्रतिसाद: शाळामास्तर

माझं क्षेत्र एआय नाही, पण स्वतःच्या विचारावर लक्ष ठेवणं हा आमचा रोजचा धंदा. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल यांनी १९७० च्या दशकात त्याला मेटाकॉग्निशन म्हटलं. आम्ही मुलांना ‘तपास’ असं मोघम कधीच सांगत नाही. काय तपासायचं ते सांगतो: उत्तर प्रश्नात परत घालून बघ, ७० हे १७५ च्या निम्म्याहून कमी यायला हवं ना, तेवढं बघ.

तुमच्या नमुन्यात गुणाकार-भागाकार दोन्ही वेळा बरोबर आहे. घसरलंय ते वाचताना. म्हणून वाचन आणि हिशेब वेगळे करा. आधी फक्त ‘दिलेले आकडे अंकांत लिही’. सव्वा, दीड, पावणे, अडीच यांचा तक्ता मॉडेलला विचारू नका, स्वतः बनवा.

प्रतिसाद: खाडीपलीकडचा

मास्तरांना अनुमोदन. आणि ते ९५ सोडून द्या. जीपीटी-४ या मॉडेलच्या २०२३ च्या तांत्रिक अहवालात एक आलेख आहे. मूळ प्रशिक्षणानंतर मॉडेलने उत्तराला दिलेली संभाव्यता आणि प्रत्यक्ष अचूकता छान जुळत होती. माणसांच्या पसंतीनुसार पुढचं प्रशिक्षण दिल्यावर ते जुळणं बिघडलं. आतल्या आकड्याची ही कथा, मग तोंडी सांगितलेल्या ९५ वर काय भरवसा ठेवायचा!

त्यापेक्षा तेच उदाहरण पाच वेळा, दर वेळी कोऱ्या संभाषणात सोडवून घ्या. पाचही उत्तरं जुळली तर ठीक, फाटे फुटले तर सासूबाईंकडे. याच धर्तीची, बहुमताने उत्तर ठरवायची युक्ती २०२२ पासून वापरात आहे. खर्च पाचपट, पण ६० उदाहरणांना किती लागणार?

प्रतिसाद: शंकेखोर

एक खडा टाकतो. मॉडेल ‘मी इथे चुकलो’ म्हणून जे कारण देतं ते खरं कारण असेलच असं नाही. २०२३ च्या एका प्रयोगात मॉडेलला आधी नमुना म्हणून दाखवलेल्या सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं मुद्दाम पहिल्या पर्यायावर ठेवली होती. मॉडेल त्या पर्यायाकडे झुकायला लागलं, पण स्पष्टीकरणात त्याचा उल्लेखही नाही, भलतीच पटणारी कारणं. तेव्हा वहीच्या उजव्या पानावर त्याला लिहायला लावलंत तर रचलेली गोष्ट मिळेल, चुकीचं खरं कारण मिळेलच असं नाही.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार यातच गेला.

उजवं पान आता सासूबाई लिहितात. सगळे मोघम धडे काढून टाकले, फक्त ११ ओळी उरल्या. ‘पुन्हा तपास’ बंद. आकडे आधी तक्त्यातून अंकांत, मग पाच कोऱ्या फेऱ्या. त्याच ६० मध्ये ५१ वेळा पाचही उत्तरं जुळली आणि त्यातलं एकच चुकीचं होतं. उरलेली ९ सासूबाईंकडे जातात. ते एक चुकीचं मात्र मला छळतंय. पाचही वेळा एकमताने चूक! उदाहरण ‘शेकडा नफा’ खरेदीवर की विक्रीवर, याचं होतं. सासूबाईंना नवल नाही वाटलं. म्हणाल्या, आठवीचा अख्खा वर्ग तिथे एकमताने चुकतो.

शंकेखोर, तुमचं बोलणं त्यांना फार आवडलं. त्यांच्या मते मुलंही तेच करतात. म्हणून त्या कारण विचारत नाहीत, तसंच दुसरं उदाहरण देतात आणि पाय परत तिथेच घसरतो का बघतात. ते मॉडेलवर करून बघणार आहे.

आता मदत तक्त्यासाठी हवी. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांतही गोंधळ होतोय. कोणाकडे एक ते शंभर आकड्यांची शब्दांतली यादी तयार आहे का? सत्याऐंशी-सत्त्याऐंशी असे सगळे लेखनभेद धरून हवी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस दोन’ पद्धतीचं वाचन आलं, त्यावर केवढं रण माजलं होतं! तीही रूपं यादीत हवीत, कारण आमच्याकडची दोन मुलं तसंच म्हणतात.