गायरानावर श्रमदानातून समतल चर: माप, आखणी, क्रम कसा ठेवावा?

माळकरी
पाणी अडवायला गायरानावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे चर खोदायचे आहेत. गायरान १२ हेक्टर आहे. उतार १० ते १५ टक्के, वर वीतभर माती आणि खाली मुरूम. मधून एक ओघळ निघून ओढ्याला मिळते. पाऊस ५०० ते ५५० मिमी. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत रोज सकाळी ३ तास ४० माणसं नक्की येतील. वर मशीन चढत नाही, म्हणून सगळं टिकाव-फावड्यानेच करायचं आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत: चराचं माप आणि दोन ओळींतलं अंतर किती ठेवावं? समतल रेषा अचूक कशी आखावी? आणि सुरुवात ओढ्यापासून करावी की डोंगरावरून? गावात ओढा खोल करून घ्यावा असा सूर आहे.

पाणलोट
सुरुवात माथ्यावरूनच करा. खालून सुरू केलंत तर पहिल्याच वळवाने वरची माती खालच्या चरांत येते आणि सगळी मेहनत गाळाने भरते.

माप ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. एक मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावतं. ओळींत १० मीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी १००० मीटर चर होतो आणि एका भरण्यात १ लाख ८० हजार लिटर पाणी अडतं. म्हणजे उतारावरून वाहून येणारं १८ मिमी पाणी थांबतं. ६० मिमीची सर आली आणि त्यातलं निम्मं जरी वाहिलं तरी चर भरून वरून जाणार. त्यामुळे जादा पाणी कुठून बाहेर पडेल हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. दर १० मीटरवर फूटभर जागा न खोदता सोडा आणि त्या ठिकाणी खोदलेल्या मातीचा भरावही टाकू नका. आखणी थोडी चुकली तरी सगळं पाणी एका टोकाला धावत नाही, आणि जादा पाणी त्या फटींतून सावकाश उतरतं. खालच्या ओळीतल्या फटी वरच्या फटींच्या सरळ रेषेत येऊ देऊ नका, नाहीतर तिथेच नवी ओघळ पडते.

आता मजुरीचा हिशेब. मऊ मुरमात एक खोदणारा आणि एक ओढणारा मिळून ३ तासांत साधारण १ घनमीटर काम होतं. २० जोड्यांचे रोज २० घनमीटर. १२ हेक्टरला लागतात २१६० घनमीटर, म्हणजे १०८ दिवस. तेवढे दिवस तुमच्याकडे नाहीत. यंदा माथ्याकडचे ५ हेक्टरच घ्या: ९०० घनमीटर, ४५ सकाळी. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावोगावच्या जलसंधारण स्पर्धेचा काळही ४५ दिवसांचाच असायचा. २०१६ ला पहिलं आलेलं कोरेगाव तालुक्यातलं वेळू अशाच मुदतीत राबलं होतं. खडक लागला की वेग निम्म्यावर येतो, म्हणून हाताशी आठवडाभर राखून ठेवा. अर्धवट १२ हेक्टरपेक्षा पुरे झालेले ५ हेक्टर केव्हाही बरे.

ए_फ्रेम
आखणीबद्दल सांगतो, कारण चर फुटतो तो बहुतेक वेळा आखणीमुळेच.

समतल शोधायला A च्या आकाराची चौकट करा: ७ फुटी दोन सरळ बांबू वर घट्ट बांधा, खालची टोकं २ मीटर फाकवा, मध्यावर आडवी काठी बांधा. वरच्या गाठीतून दोरी सोडून तिला जड नट किंवा दगड लावा. हलका दगड वाऱ्यात डोलतो, मग मोजमापाला काही अर्थ राहत नाही. आता खूण करायची. चौकट उभी करा, दोन्ही पायांच्या जागी खुंट्या मारा, दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे रेघ ओढा. मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करा, त्याच खुंट्यांवर ठेवा आणि दुसरी रेघ ओढा. दोन रेघांचा मध्य हाच समतल. हे रोज सकाळी करायचं. बांबूची गाठ ढिली झाली की मध्य सरकतो.

मग एक पाय रोवून दुसरा वरखाली सरकवत जा. दोरी मध्यावर आली की खुंटी ठोका. पुऱ्या ओळीच्या खुंट्या झाल्यावर फक्की मारा. एखादी खुंटी शेजारच्यांपेक्षा हातभर बाहेर गेली तर ती पुन्हा मोजा, नजरेने सरळ करू नका. लांब ओळींना पारदर्शक नळीचा हायड्रोमार्कर जलद पडतो, पण नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर काही सेंटिमीटरची चूक सहज होते. पाण्यात थोडा रंग टाकला की बुडबुडा लगेच दिसतो.

खोदलेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाका आणि चराची कड व भराव यांच्यात फूटभर जागा मोकळी सोडा. ही जागा सोडायला लोक हमखास विसरतात, मग सुटी माती परत चरातच येते.

दगडगोटा
ओघळीत अनगड, म्हणजे न घडवलेल्या सुट्या दगडांचे बांध घाला. उंची १ मीटरच्या आत ठेवा. दोन्ही काठांत फूटभर आत शिरवा, नाहीतर पाणी बगलेने काठ कापून जातं. मधला भाग काठांपेक्षा वीतभर खाली ठेवा, म्हणजे पाणी मधूनच पडेल. मोठे दगड खाली आणि पाणी पडतं त्या बाजूला. तिकडचा उतारही जास्त लांब ठेवा. वरच्या बांधाचा पाया आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत आले पाहिजेत. ओघळीचा उतार ५ टक्के असेल तर मीटरभर उंचीच्या दोन बांधांत २० मीटर. दगड सुटे असतील तेच उचला. रुतलेला दगड उपटला की तिथली माती सुटते.

ओढ्याचं म्हणाल तर साचलेला गाळ काढा, मुरूम फोडू नका. आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. ओढ्याचा तळ त्या थराच्या खाली नेला तर काठच्या विहिरींचं पाणी ओढ्यात उतरून वाहून जातं. दिसायला ओढा भरलेला, आणि विहीर मात्र लवकर खाली जाते.

माळकरी
मग ओढा यंदा ठेवतो बाजूला. चरांच्या भरावावर झाडं लावायची की आधी गवत?

ताळेबंद
आधी गवत. पहिल्या पावसाच्या तोंडावर भरावावर मारवेल आणि स्टायलोचं बी पेरा. भराव धरून ठेवायचं काम मुळंच करतात. झाडं चराच्या आत लावू नका, साचलेल्या पाण्यात कोवळं रोप कुजतं. चर आणि भराव यांच्यातल्या मोकळ्या जागेत सीताफळ, करंज, कडुनिंब लावा.

चराई थांबली नाही तर भराव दोन पावसाळ्यांत खुरांखाली सपाट होतो. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, पण गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. ज्यांची गुरं गायरानावरच जगतात त्यांना चारा मिळाला तरच बंदी टिकते. ग्रामसभेत ठराव करताना मेंढ्या-शेळ्यावाल्या घरांना आधी बोलवा आणि कापणीचा पहिला वाटा त्यांना द्या. कोणता गट गायरान आणि कोणता वनविभागाचा हे नकाशावर आधीच पाहून घ्या. वनजमिनीवर त्यांच्या परवानगीशिवाय कुदळ लावता येत नाही.

आणि पाणी मोजायला आजपासूनच लागा. गावात एक पर्जन्यमापक बसवा. आठ-दहा विहिरींच्या कठड्यावर रंगाची खूण करून तिथूनच दर महिन्याला टेप सोडा. निदान जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर चुकवू नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही याच महिन्यांत मोजते. मग ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ताळेबंद मांडा. हजार माणसांना माणशी ५५ लिटरप्रमाणे वर्षाला २ कोटी लिटर लागतात. एक एकर हरभऱ्याला २५० मिमी धरलं तर १० लाख लिटर, उसाला २००० मिमी धरलं तर ८० लाख. म्हणजे एक एकर उसाच्या पाण्यात ८ एकर हरभरा. हिवरे बाजारात ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही, आणि रब्बीचं पीक त्या वर्षीचा पाऊस पाहून ठरतं. चर खोदायला ४० हात पुरतील. बोअरबंदीचा ठराव मात्र खोदकाम सुरू होण्याआधी करून घ्या. विहिरींना पाणी आल्यावर तो मंजूर होणं फार अवघड जातं.