विषय: साताऱ्याला नेण्यासाठी छोटा डेस्कटॉप घ्यावा का?

सप्रेम नमस्कार,
डिसेंबरमध्ये आम्ही साताऱ्याला जाणार आहोत. बाबांचा जुना संगणक विंडोज ११ चालवू शकत नाही आणि विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाली. त्यांचा मॉनिटर मात्र उत्तम आहे. बाबा रोज दोन-तीन तास मराठीत लिहितात. त्यांच्यासाठी इथून अगदी छोटा डेस्कटॉप न्यावा, की तिथेच लॅपटॉप घेऊन द्यावा?
आपला,
एक सभासद, न्यू जर्सी

नमस्कार,
मॉनिटर चांगला असेल, तर माझ्या मते छोटा डेस्कटॉपच न्यावा. रोज इतका वेळ लिहिणाऱ्या ज्येष्ठांना डोळ्यांच्या उंचीवरचा मोठा पडदा आणि सुटा कीबोर्ड लाभतो; लॅपटॉपवर मान खाली घालून बसण्याची वेळ त्यांच्यावर आणू नये. मॉनिटर आणि कीबोर्डही नव्याने घ्यायचे असते, तर मात्र हा हिशेब बदलला असता, कारण या डब्याच्या किमतीत सहसा त्यांतले काहीच येत नाही.

ॲपलचा २०२४ चा मॅक मिनी जेमतेम १२.७ सेंटिमीटर लांब-रुंद आहे, पाऊण किलोहून हलका आहे आणि १६ जीबी मेमरीसह ५९९ डॉलरला बाजारात आला. यंत्र म्हणून तो मला फार आवडतो. तरीही त्याची मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि विंडोजच्या मराठी कीबोर्डला सरावलेल्या हातांना या वयात नवी सवय लावायला सांगणे मला पटत नाही. माझी पसंती कार्यालयांत वापरून नंतर विकायला काढलेल्या लेनोवो थिंकसेंटर टायनी किंवा डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो यांसारख्या, साधारण एक लिटर आकारमानाच्या संगणकांना आहे. त्यांतली मेमरी आणि एसएसडी (फाइली साठवणारा भाग) साताऱ्यातला संगणक दुरुस्त करणाराही सहज बदलू शकेल. प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा आहे, हे पाहूनच घ्यावा. त्याआधीचा स्वस्त मिळाला, तरी विंडोज ११ ची अडचण तशीच राहील. ॲडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेले असले, की तिथे फक्त भारतीय पिनांची वायर लावावी लागते.
आपला,
एक जुना सभासद

नमस्कार,
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. त्यात थोडी भर घालते. या डब्यांत सहसा कॅमेरा नसतो, त्यामुळे रविवारी व्हिडिओ कॉल करायचा असेल, तर मायक्रोफोन असलेला वेबकॅम सोबत न्यावा. जुन्या मॉनिटरला केवळ व्हीजीए (जुन्या पद्धतीचे) पोर्ट असेल, तर त्याचा कन्व्हर्टरही लागेल.

दुसरे म्हणजे, लॅपटॉपसारखी याला बॅटरी नसते. सांगलीला आईच्या घरी इन्व्हर्टर असूनही वीज गेली की संगणक बंद पडत असे आणि लिहिलेला मजकूर जात असे, कारण इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतचा क्षणही त्याला सोसत नव्हता. इन्व्हर्टरवरचे बटण यूपीएस मोडवर (त्यात तो क्षण अगदी छोटा होतो) केल्यापासून हा त्रास थांबला. बाबांच्या इन्व्हर्टरला असे बटण आहे का, हे आताच फोन करून विचारावे. नसल्यास छोटा यूपीएस तिथेच घ्यावा.
आपली,
एक सभासद