शब्दाचं मूळ सापडलं आणि… : अनुभव सांगा

रोजच्या वापरातल्या शब्दाचं मूळ कळतं आणि मग तो दिवसभर तोंडातून सुटत नाही. असं ज्यांना झालंय, त्यांनी इथे लिहा. सुरुवात मीच करते.

कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा मराठी व्युत्पत्तिकोश हाती आला, तेव्हापासून माझी वेळेवर झोपायची बोंब आहे. एक शब्द बघायला जावं आणि तासाभराने भलतीकडेच निघावं! ‘गोठा’चं मूळ ‘गोष्ठ’, म्हणजे गाई बांधायची जागा. ‘गोष्ठी’ही त्याच घरातली: आधी जमलेली मंडळी, मग त्यांचं बोलणं, आणि मराठीत येईपर्यंत चक्क ‘गोष्ट’! ‘गवेषणा’ म्हणजे मुळात गाय शोधणं, आता संशोधन. ‘गवाक्ष’ म्हणजे गाईचा डोळा. एका गाईच्या जिवावर भाषेने केवढा संसार केलाय.

*

बिजागरी! ऐकायला किती आपली वाटते, पण निघाली पोर्तुगीज. चावीही तिकडचीच. म्हणजे दार तेवढं संस्कृत ‘द्वारा’तलं, बाकी फिरणं आणि उघडणं परक्याच्या भरवशावर. घमेलं आणि पगार हेही त्याच गलबतातून उतरलेले.

*

मला मूळ नाही कळलं तरी चालतं, नुसता शब्द मिळाला की पुरे. उतरत्या छपरावरून पावसाचं पाणी धारांनी गळतं, त्या पागोळ्या. फटीतून आत आलेला उन्हाचा तुकडा म्हणजे कवडसा. छपरं सपाट झाली आणि पागोळ्यांना काम उरलं नाही. मी मात्र हट्टाने वापरतो, अगदी नळ गळत असला तरी.

*

थोडा रसभंग करतो. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची इंग्रजी आद्याक्षरं, हे ज्ञान मला कुणी ना कुणी पाठवतच असतं. तो शब्द ‘नवीन’ या अर्थाच्या साध्या ‘न्यू’वरून आलाय. व्युत्पत्ती जितकी चटपटीत, तितका संशय जास्त घ्यावा. शब्द जुन्या लेखनात कसा वापरलाय ते आधी पाहावं. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात तसे दाखले दिलेत, तिथे जरा डोकवा.

*

चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, कव. सगळी मापं हाताशीच! पसा म्हणजे एका हाताचा खोलगट तळवा, मूळ ‘प्रसृति’. दोन्ही हात जोडले की ओंजळ, मूळ ‘अंजलि’. लेकीला वाळूत बसवून हे दाखवलं. तिची ओंजळभर वाळू माझ्या एका पशात मावली, तो तिला सरळसरळ अन्याय वाटला. (‘पसायदान’ यातलं नव्हे हं, तिथला ‘पसाय’ म्हणजे प्रसाद.)

*

‘मृग’ म्हणजे पूर्वी कोणतंही रानटी जनावर. म्हणून शिकार ती मृगया आणि सिंह तो मृगेंद्र. हरणांनी सिंहाला राजा कसं केलं, हे कोडं एकदाचं सुटलं.

*

आमच्या आडनावाच्या शेवटी ‘नीस’ आहे. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा: चिटणीस चिठ्ठ्या लिहिणारा, पारसनीस फारसी लिहिणारा. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, तरी आमचं ‘नीस’ दारावरच्या पाटीवर ठाण मांडून आहे. हे समजल्यापासून घरातल्या सगळ्या याद्या मीच लिहायच्या, असा बायकोने निकाल दिलाय.