मदत हवी आहे: काळ्या मातीत रेन गार्डन (पावसाचं पाणी मुरवणारा झाडांचा खड्डा), पाणी चार दिवस हटत नाही

पुण्याबाहेरची रो-हाऊस सोसायटी. १२० चौ. मी. गच्चीचं सगळं पाणी ४ × ३ मीटरच्या, १५ सेंमी खोल खड्ड्यात सोडलंय. माती काळी, चार फुटांखाली मुरूम. जोत्यापासून अंतर २ मीटर. मे महिन्यात पाणी ओतून पाहिलं तेव्हा तासाला ५० मिमी मुरत होतं. आता भरलेला खड्डा रिता व्हायला चार दिवस लागतात. शेवंती कुजली, शेजारी डासांवरून कुरकुर करतात. वाळू मिसळून भागेल का?

प्रतिसाद १
मेमधली चाचणीच फसवी. तेव्हा काळ्या मातीला भेगा असतात, पाणी त्यांतून पळतं. माती फुगली की भेगा मिटतात. खड्डा २४ तास भरलेला ठेवायचा आणि मगच मोजायचं. १५० मिमीला ९६ तास, म्हणजे तासाला जेमतेम दीड मिमी. १२ मिमीच्या खाली असेल तर तळाला निचऱ्याचा पाइप लागतोच.

थोडी वाळू मिसळू नका, चिकणमाती तिला गिळून टाकते.

आजच्या आज सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) तळापासून ५ सेंमीवर आणा. तेवढं पाणी दीड दिवसात जिरेल. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. आणि खड्ड्याचं माप पाहा: १८०० लिटर, म्हणजे १५ मिमी पावसातच काठोकाठ. सांडव्याचं पाणी जोत्याकडे न जाता पावसाळी गटारात गेलं पाहिजे.

कायमचं काम पाऊस संपल्यावर, वाफसा आल्यावरच (माती खणण्याजोगी सुकल्यावर). ओल्यात जेसीबी घातला तर तळ लिंपल्यासारखा बंद होतो. ९० सेंमी खणा, तळ टिकावाने मोकळा करा. २० सेंमी धुतलेली २० मिमी खडी (पाऊण ब्रासहून थोडी जास्त; ब्रास म्हणजे १०० घनफूट), तिच्यात ११० मिमीचा छिद्रांचा पीव्हीसी पाइप, मीटरला १ सेंमी उतार. पाइपाला कापड गुंडाळू नका, गाळाने तेच आधी तुंबतं. वर ८ सेंमी बारीक खडी, मग ४५ सेंमी मिश्रण: ३ भाग वाळू, १ माती, १ कंपोस्ट. वाळू सव्वा ब्रास धरा. क्रश सँड (दगड चुरून केलेली वाळू) असेल तर धुतलेलीच, नाहीतर भुकटी बसून पुन्हा डबकं.

प्रतिसाद २
पाइप टाकण्याआधी मुरमात चाचणी घ्या. तो पाणी पीत असेल तर मधली फूटभर काळी मातीही काढून तिथे खडी भरा, कदाचित पाइप लागणारच नाही. सांडवा मात्र ठेवाच.

२ मीटर अंतर मला पटत नाही. काळी माती भिजून फुगते, सुकून आकसते, आणि भिंतीला तडे जातात. निदान ३ मीटर हवं. जागाच नसेल तर जोत्याकडच्या बाजूला जाड एचडीपीई प्लास्टिकचा कागद तळापर्यंत उभा लावा.

धागाकर्ता
झाडं कोणती? आणि नारळाच्या सोडणांचं आच्छादन चालेल?

प्रतिसाद १
सोडणं तरंगून सांडव्यात अडकतात. गच्चीचा पाइप पडतो तिथे मुठीएवढे दगड, बाकी बारीक खडी. मध्यभागी वाळा, काठावर गवती चहा, अडुळसा. कर्दळ पाण्यात मजेत राहते, पण उन्हाळ्यात पाणी घालावं लागेल.