थायरॉइडची गोळी बंद करू नका
शेजारच्या काकूंनी तुमच्या आईंना 'थायरॉइडच्या गोळीनं हाडं पोकळ होतात, सोडून द्या' असं सांगितल्याचं वाचलं आणि राहवलं नाही. कृपा करून सोडू नका. हाडं झिजवते ती गोळी नव्हे, तिचा जादा डोस. हाड सतत झिजतं आणि पुन्हा भरतं. एक फेरी साधारण 200 दिवसांची. थायरॉइड हार्मोन जास्त झालं की ती जवळजवळ निम्म्यावर येते. झिजणं होतं, भरणं अर्धवट राहतं. पाळी गेलेल्या बायकांना फटका अधिक, कारण हाडं जपणाऱ्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा आधारही गेलेला असतो. म्हणून रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड हार्मोन जास्त झालं की हा आकडा उतरतो, कमी पडलं की चढतो) 0.1 च्या खाली दिसला तर डॉक्टरांना डोसबद्दल लगेच विचारा. (थायरॉइड कॅन्सरनंतर तो काही जणांत मुद्दाम कमी ठेवतात, ते वेगळं.)

आणखी एक. आमची इंदूरची, रामबागेतली आत्या पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन थायरॉइड आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकाच घोटात घ्यायची. कॅल्शियममुळे थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतलं हार्मोन, नीट शोषलं जात नाही, त्यामुळे टीएसएच चढायचा. आता उठल्याबरोबर उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, तासाभरानं पोहे, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. दोन्हींत चार तास हवेतच. आईंची साठी उलटली असेल तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचंही विचारून घ्या.